अर्जुनधारेची वाट

अर्जुनधार.

लिहिलं बघा. शेवंताच्या जुन्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर, पेन्सिलीने. लिहून झाल्यावर मी दाराकडे पाहिलं, कोणी पाहत तर नाही ना म्हणून. कोणी नव्हतं. तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. आपली शेवंता परवा धनजला सासरी परत गेली. मी काय लिहिते हे पाहणारं आता या घरात कोणी उरलेलं नाही. तुम्ही असता तर वाचता आलं नसतं, तरी विचारलं असतं, "अवं, काय गिरवून राह्यली?" आणि मी वही पदराखाली घातली असती.

धारेचं नाव आणि तुमचं नाव एकच. वनवासात द्रौपदीला तहान लागली, तेव्हा अर्जुनाने खडकात बाण मारून पाणी काढलं, तीच ही धार, असं गावातलं कोणीही सांगतं. तुमचा जन्म श्रावणातला, धार भरात असतानाचा, म्हणून तुमच्या आईने तेच नाव ठेवलं. आणि त्याच आईने, मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात, मला चुलीपाशी बसवून सांगितलं की नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं की त्याचं आयुष्य घटतं. त्यांनी स्वतः कधी काढलं नव्हतं, आणि सासरे सत्तरी ओलांडूनही रोज शेतात जात होते. मला तेवढा पुरावा पुरला.

तेव्हापासून मी धारेला 'वरची धार' म्हणत आले. नदीकाठच्या अर्जुनसादड्याच्या झाडाला नुसतं सादडा. धुणं धुताना बाया मुद्दाम विचारत, काल कुठं गेलती वं? वरच्या धारेवर, मी म्हणे. वरची म्हंजे कोणती, धारेले काही नाव असन ना? मी मान खाली घालून लुगडं पिळत बसे. पारबता सगळ्यांत आगाऊ. ती म्हणे, "हिचा नवरा डोंगरावरून पडते, अन् ही खाली उभी राहून आंघोय करते." सगळा घाट हसे. घरी येऊन मी तुम्हाला हे सांगितलं नाही कधी. आज सांगते.

धारेच्या वाटेवरच्या खिंडीत उभं राहून तुम्ही ती पाहायला आलेल्या पाव्हण्यांना जे सांगायचा, ते घरी दोर वळतानाही पुटपुटायचा, त्यामुळे मला सगळं पाठ आहे. हा डोंगर म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या मोठ्या रांगेचं शेपूट. खिंडीच्या या अंगाला पडलेला पाऊस अडाण नदीला जातो, त्या अंगाला पडलेला अरुणावतीला. एका ढगाचं पाणी, पण खाली पडताना वाटणी होते. पुढे यवतमाळकडे दोन्ही नद्या पुन्हा एक होतात. आणि शेवटी तुम्ही जोडायचा, "मी तिथवर गेलो नाई, पण सांगणारा खोटा नोता." जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून तुम्ही कोणाला सांगितलं नाही. ही गोष्ट मला तेव्हा साधी वाटे.

मग पाव्हण्यांचा इतिहास. सासऱ्यांच्या लहानपणी इथे शिकारीला गोरे साहेब यायचे. आंब्याखाली तंबू पडे, आणि सासऱ्यांचे वडील धारेचं पाणी घागरीने तंबूपर्यंत नेत. त्यानंतर कितीतरी वर्षं कोणी बाहेरचं आलं नाही. श्रावणी सोमवारी आजूबाजूच्या गावांतले आणि तांड्यांवरचे लोक येत, धारेखाली डोकं धरत आणि जात. पुढे कारंज्याची व्यापारी मंडळी गाड्या जुंपून येऊ लागली, सतरंज्या, पितळी डबे, सोबत गाळून आणलेलं पाणी. तुम्हाला त्या पाण्याचा राग येई. धारेपाशी येऊन घरचं पाणी पिणारा माणूस तुम्हाला समजत नसे. मी म्हटलं होतं, त्यायच्या धर्मात तसं असन. तुम्ही म्हणालात, असन बापा, पण धारेले काय वाटत असन?

दुष्काळाच्या साली आपण दोघं रस्त्याच्या कामावर गेलो. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता आपणच खडी फोडून केला. सगळी माणसं पोटासाठी फोडत होती. तुमच्या हाताला फोड आले होते, धान्य मिळत होतं तेही किडकं, आणि तुम्ही मला दुपारच्या सुट्टीत सांगत होता की आता एस.टी. फाट्यावर थांबली की माणूस चालत तासाभरात खिंडीत. म्हातारी माणसंही येतील. शाळांच्या सहली येतील. मी ऐकत नव्हते. मला भूक लागली होती. आता वाटतं, थोडं ऐकायला हवं होतं.

खरं सांगायचं तर मला पाव्हणे आवडत नसत. पत्रावळी टाकून जात, सादड्याच्या सालीवर नावं कोरत, आणि आम्हा बायांना त्या दिवशी धारेवर जाता येत नसे. यावरून आपलं होत असे. तुम्ही म्हणायचा, लोक आले तर जागा जिवंत राहते. मी म्हणायची, जागेने कोणाला बोलावलं होतं का? ते भांडण तसंच राहिलं. नंतर मी जिंकले, पण तसं जिंकायचं नव्हतं.

जीपमधून अकोल्याचे साहेब आले ते दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी. जिल्ह्यातल्या पाहण्यासारख्या ठिकाणांची एक लहान पुस्तिका काढायची होती. साहेबांनी धार पाहिली, धारेखालच्या कुंडात पाय सोडून बसले, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, इथली सगळी माहिती लिहून पाठवा, छापून टाकू. साहेब गेल्यावर तुम्ही अंगणात उभेच राहिलात. शाळेचे मास्तर सुट्टीवर होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. घरात चार यत्ता शिकलेली मी एकटी.

तीन दुपारी लागल्या. तुम्ही बाजेवर बसून सांगायचा, मी खाली बसून लिहायची. 'शब्द' हा शब्दसुद्धा मी खोडून दोनदा लिहिला. तुम्ही कधी घाई केली नाहीत. मी मान वर करेपर्यंत थांबायचा, मग पुढचं वाक्य. लग्नानंतर इतका वेळ आपण समोरासमोर कधी बसलो नव्हतो. त्या तीन दुपारी माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारी आहेत, आणि त्यांचाच मला पुढे तिटकारा आला.

फाट्यापासून किती चालायचं ते तुम्ही सांगितलं. खिंड सांगितली, दोन नद्या सांगितल्या. कुंड सांगितलं: कमरेइतकं पाणी, खाली वाळू, बायका-लेकरांनी उतरलं तरी भीती नाही. हे मी जसंच्या तसं लिहिलं. फक्त ठिकाणाचं नाव आलं तिथे पेन्सिल थांबली.

तुम्ही सहज सांगून गेलात. दुसऱ्या कोणाचं नाव सांगावं तसं. मी कागदाकडे पाहत राहिले. तोंडाने घेतलं तर एकदा हवेत जाईल आणि विरेल. हे तर छापलं जाणार, माझ्या अक्षराचं होऊन, आणि जो वाचेल तो वाचताना म्हणणार. किती वेळा? मोजणार कोण? मला तुमचं आयुष्य दिसलं आणि त्यातून एकेक तुकडा जाताना दिसला. हे आज लिहिताना मला हसू यायला हवं, पण येत नाही.

मी लिहिलं, पांडवाची धार.

अर्जुन पांडवच ना. खोटं तर लिहिलं नाही, अशी मी मनाची समजूत घातली. गावाच्या खाली, नाला नदीला मिळतो तिथे पांडवाचा डोह आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पाच मोठे काळे दगड, आणि मध्ये तळ न लागणारं पाणी. आपण तिथे गुरंही उतरवत नाही. पण तो डोह, ही धार. डोहाला कोणी धार समजेल का? आणि पाव्हणे आले की तुम्ही बरोबर असणारच होता. तुम्ही बरोबर असताना कोणाची वाट चुकणार? मी हेच धरून चालले, की तुम्ही नेहमी असाल.

पुस्तिका आली तेव्हा तुम्ही ती दोन्ही हातांनी धरून आणलीत, ताट आणावं तशी. मला म्हणालात, वाच. मी वाचलं. नाव आलं तिथे मी 'आपली धार' असं वाचून पुढे गेले. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता, कळलं नाही. मग तुम्ही ती पेटीत ठेवलीत, तुमच्या लग्नातल्या फेट्याखाली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पण आपण दोघं ते कधी बोललो नाही, म्हणून लिहिते.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात शेवंताला पहिली मुलगी झाली आणि आपण बाळाला पाहायला धनजला गेलो. त्या दिवशी कारंज्याचे धाकटे शेठ, तिथले दुकानदार माणकशेठ यांचे भाऊ, बायकोला घेऊन आले. पुस्तिका त्यांच्याजवळ होती. फाट्यावरून चालत गावात आले आणि तुमची चौकशी केली. तुम्ही गावात नाही असं कळल्यावर त्यांनी शेळ्यांमागे निघालेल्या पारबताला विचारलं, पांडवाची धार कुठे आहे. पारबता म्हणाली, पांडव ना, मंग खाली उतरा, नाल्याच्या काठाकाठानं. तिचं काय चुकलं? गावात पांडव म्हणजे डोहच. ते उतरले. धाकट्या शेठनी बायकोला पुस्तिका वाचून दाखवली, कमरेइतकं पाणी, खाली वाळू, आणि पाण्यात पाय टाकला.

आपण सांजेला परत आलो तेव्हा शाळेच्या ओसरीवर पंचनामा चालू होता. मी बायांत उभी राहिले. जमादारसाहेबांनी भिजलेली पुस्तिका उघडली आणि मोठ्याने वाचली. 'पांडवाची धार' हे शब्द मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकले. तुम्हीही. तुमची मान हळूहळू वर आली. तुम्ही गर्दीत मला शोधलं नाहीत. मला वाटलं शोधाल. तुम्ही समोर जमादारांकडेच पाहत राहिलात.

"हे कोनं लिवून देल्लं?" जमादारांनी विचारलं.

"मीनं सांगतलं."

"तुले लिवता येते?"

"नाई जी. एका मास्तरकडून लिवून घेतलं. ते आता बदलून गेले."

"अन् नाव? हे नाव तूनंच सांगतलं?"

"हो. मीनंच."

माणकशेठ भिंतीला टेकून बसले होते. ते उठले आणि तुमच्यासमोर येऊन उभे राहिले. मोठा माणूस, गावात कोणाला अरे-तुरे केलेलं मी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "तुह्या हौसेपायी माहा भाऊ गेला." तुम्ही हात जोडले. मी दोन पावलं पुढे टाकली असती तर सगळं वेगळं झालं असतं. ओसरीवर सगळे पुरुष होते. मी टाकली नाहीत.

घरी येऊन तुम्ही पायही धुतले नाहीत. उंबऱ्यात बसलात आणि एकच शब्द विचारलात, "काहून?"

मी सांगितलं. मग म्हणालात, "तोंडातून काढाचं नाई, हे मले समजते. बोटातून काढाले काय झालं होतं?"

त्यानंतर पाच वर्षांत तुम्ही तो प्रश्न पुन्हा विचारला नाहीत. मारलं नाहीत, टाकून बोलला नाहीत, माहेरी धाडलं नाहीत. जेवायला वाढलं की जेवायचा. मीच रोज वाट पाहायची की आज बोलतील. तुम्ही बोलला असता तर मीही बोलले असते, निदान रडले तरी असते. तुमचं न बोलणं मला माफी वाटे कधी, आणि कधी शिक्षा. काय होतं ते मला आजही कळलेलं नाही, आणि आता विचारायची सोय नाही.

पाव्हणे बंद झाले. जिल्ह्याच्या पुढच्या पुस्तिकेत आपलं ठिकाण नव्हतं म्हणे. तुम्ही खिंडीकडे जाणं सोडलं. दोर वळताना पुटपुटणं बंद झालं. घरात इतकी शांतता झाली की मला दोराचा आवाज ऐकू येऊ लागला. कारंज्याला बाजाराला गेलात तर माणकशेठच्या गल्लीतून न जाता लांबून फिरून यायचा. गावातली माणसं तुमच्या पाठीमागे म्हणत, अर्जुनले स्वतःच्या नावाची धारही धड सांगता आली नाई. हे मी विहिरीवर ऐकलं आहे. ऐकून, घागर भरून, घरी आले आहे.

यंदा पावसाळ्यात तुमच्या छातीचं दुखणं वाढलं. वैद्यांनी अर्जुनाच्या सालीचा काढा द्यायला सांगितला. मी नदीवर जाऊन साल काढून आणली आणि चुलीवर ठेवली. तुम्ही बाजेवरून विचारलंत, काय उकळून राह्यली? मी म्हटलं, सादड्याची साल. तेव्हा तुम्ही हसलात. पाच वर्षांत पहिल्यांदा. म्हणालात, "अर्धंच नाव घेतलं तं अर्धाच गुण येईन ना वं." मीही हसले. त्या हसण्याने मला इतकं बरं वाटलं की मी ठरवलं, उद्या बोलायचं. उद्या सगळं बोलायचं. उद्या तुम्हाला बोलताच येत नव्हतं, आणि परवा तुम्ही गेलात.

तुमच्या तेरवीला माणकशेठ आले. कोणाला वाटलं नव्हतं येतील. पायरीवर चपला काढून आत येऊन बसले. शेवंताने पाणी दिलं. मी दाराआड होते. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की झालं ते झालं, मनात ठेवून काय करायचं, माणूस गेला, "मीनं अर्जुनले माफ केलं." माणसांनी माना हलवल्या. कोणीतरी म्हणालं, शेठजी, तुमचं मन मोठं.

मी दाराआड उभी होते. माझ्या चुकीची माफी तुम्हाला मिळत होती, आणि ती घ्यायला तुम्ही नव्हता. माझ्या हातात वाढायचं भांडं होतं. मी आत गेले आणि भात वाढून आणला. माणकशेठ दोन घास खाऊन गेले. त्या रात्रीपासून मला जेवण गेलं नाही. शेवंताला वाटलं तुमच्यामुळे. तुमच्यामुळेच, पण तिला वाटलं तसं नाही.

सव्वा महिना मी घर सोडलं नाही. तो सरला तशी मी शेवंताला म्हटलं, मला कारंज्याला ने. काय काम आहे, तिने विचारलं. मी तिला एस.टी.त सगळं सांगितलं. तुमची लेक खिडकीबाहेर पाहत राहिली. उतरताना फक्त एवढं म्हणाली, "बाबाले मीबी बोलली होती, आई. सासरी लोक हसतात म्हून बोलली होती." हे मला माहीत नव्हतं. तुम्ही तेही मला सांगितलं नाहीत.

माणकशेठ दुकानात गादीवर होते. मला पाहून उठले, म्हणाले, बाई, आत या. मी पायरीवरच उभी राहिले. येताना मी वाक्य ठरवून ठेवलं होतं, ते सगळं गेलं. मी म्हटलं, "तो कागद मीनं लिवला होता."

"कोणता कागद?"

"पुस्तकातला. धारेचा. त्यायनं बरोबर सांगतलं होतं. नाव मीनं बदललं."

शेठना समजायला वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, कायले? आणि पुन्हा माझी वाचा गेली. दुकानाच्या मागे घर आहे, मध्ये पडदा. पडद्याआडून बाईचा आवाज आला, "धारेले त्यायच्या मालकाचं नाव हाये. म्हून." ती सुशीलाबाई होती, धाकट्या शेठची बायको. मी न सांगता तिला समजलं. त्या दुकानात ते एकट्या तिलाच समजण्यासारखं होतं.

शेठनी चष्मा काढून गादीवर ठेवला. म्हणाले, "मंग त्यानं त्या दिवशी तोंड काहून नाई उघडलं?" ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मी त्याच्या घरी जाऊन त्याले माफ करून आलो." मग उठून दुकानाच्या मागच्या अंगाला निघून गेले. मला रागाने बोलतील म्हणून मी अंग चोरून उभी होते. ते परत आलेच नाहीत.

सुशीलाबाईंनी मला आत नेलं. शेवंता ओसरीवर थांबली. बाई माझ्यापेक्षा लहान, चाळिशीही नसेल. पाणी दिलं. मी तांब्या तोंडाला लावला नाही. म्हटलं, मले बोला. मी आयकाले आली. तिने काही बोलायच्या आधी पदर हाताभोवती दोनदा गुंडाळला.

"तुमी तं कागदावर लिवलं नाई," ती म्हणाली. "मी काठावर उभी होती. ते पाण्यात खालीवर होऊन राह्यले होते अन् मी 'अवो, अवो' ओरडत होती. पलीकडे गुरं वळणारी माणसं होती. त्यायनं आयकलं. त्यायनंच मांगून सांगतलं, आमाले वाटलं कोणी बाई आपल्या माणसाले भाकर खाले बोलावते. नावानं ओरडली असती तं धावले असते. माह्या तोंडात नाव आलंच नाई. ते खाली गेले तरी आलं नाई."

हे तिने पाच वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. शेठनाही नाही. शेठ तुम्हाला दोष देत होते, तेव्हा ती पडद्याआड बसून ऐकत होती, जशी मी दाराआड. तिने मला माफ केलं की नाही, मी विचारलं नाही. तिनेही काही मागितलं नाही. मग एकदा तिने त्यांचं नाव घेतलं. हळू, खाली पाहून, नवीन पोर शाळेत सांगतं तसं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

निघताना तिने मला पायरीपर्यंत सोडलं आणि विचारलं, ती खरी धार अजून वाहते का? मी म्हटलं, दिवाळीपर्यंत जोर असतो. ती म्हणाली, "आमी तीच पाहाले निघालो होतो. मले दाखवान का?"

मी हो म्हटलं. मी हो म्हटलं यावर माझाच विश्वास बसत नाही.

शेवंता म्हणाली, आता मी गावात सगळ्यांना सांगते, बाबांचा दोष नव्हता म्हणून. मी म्हटलं, तू नको सांगू, मी सांगते. अजून एकट्या पारबताला सांगितलं आहे. ती शेळी सोडून खालीच बसली. पाच वर्षं तिलाही वाटत होतं की तिच्या बोटाने माणूस मेला. मग म्हणाली, "लय उशीर केला वं तूनं." तिच्याजवळ त्या दिवशी थट्टा नव्हती. बाकी गावाला सांगायचं आहे. ते कधी आणि कसं, मला ठाऊक नाही, पण तुमचं नाव घेऊन ते सांगायचं आहे.

सुशीलाबाई येत्या सोमवारी येणार आहे. काल मी विळा घेऊन खिंडीपर्यंत जाऊन आले. वाट दिसत नाही. तरोटा छातीइतका वाढला आहे, आणि तुम्ही बसवलेल्या दगडांच्या पायऱ्यांपैकी दोन पावसाने वाहून गेल्या आहेत. जमेल तेवढं कापलं. खिंडीत थोडी बसले. दोन्ही अंगांना पाणी जात होतं. तुम्ही नव्हता, तरी मी इकडची नदी कोणती आणि तिकडची कोणती ते मनात म्हणून पाहिलं. आलं.

पण एक गोष्ट तिथे बसल्यावर लक्षात आली. ही वाट मी शंभरदा चालले असेन, तरी या वाटेवर मी कधी पुढे चाललेली नाही. माझ्या पुढे तुमची पाठ असायची. पाय कुठे ठेवायचा हे मी वाटेकडे पाहून नाही, तुमच्या टाचांकडे पाहून ठरवायची. खडक कुठे निसरडा आहे, हे मला तुमच्या थांबण्यावरून कळायचं.

सोमवारी माझ्यापुढे कोणी नसेल. मागे सुशीलाबाई असेल, आणि खडकावर पाय कुठे टाकायचा आणि कुठे टाकायचा नाही, हे मला तिला मोठ्याने सांगावं लागेल.